विपणनातील शोधनिबंध: नामांकित नियतकालिकांत लिहिणारे प्रत्यक्षात कसे लिहितात?

प्रश्न: कृष्णाकाठ

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते. नागरी सहकारी बँकांच्या सेवेविषयी ग्राहकांचे मत या विषयावर माझी पीएच.डी. झाली असून प्रबंधातील एका प्रकरणाचा शोधनिबंध करून तो ऑस्ट्रेलियन बिझनेस डीन्स कौन्सिलच्या यादीत ‘ए’ श्रेणी असलेल्या एका परदेशी नियतकालिकाकडे मी पाठवला होता. तो परीक्षकांपर्यंत न पोहोचता संपादकांकडूनच परत आला. पत्र अगदी त्रोटक आहे. काम व्यवस्थित झाले आहे, परंतु सर्वज्ञात मोजपट्टी एका नव्या ठिकाणी लावून पाहण्यापलीकडे या निबंधाचे योगदान काय, हे स्पष्ट होत नाही, असा त्याचा आशय आहे.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगते. सेवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सर्व्हक्वाल या २२ विधानांच्या प्रश्नावलीचे मराठीकरण करून ती तीन बँकांच्या ३८४ ग्राहकांकडून भरून घेतली, पाचही परिमाणांवर अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावत काढली, क्रोनबाख अल्फा (उत्तरांतील सुसंगतीचे माप) सर्वत्र ०.७ च्या वर आला, आणि मग टी-टेस्ट व रिग्रेशन या नेहमीच्या संख्याशास्त्रीय चाचण्या केल्या. निष्कर्षांत एक गोष्ट विचित्र आढळली. शाखेची अवस्था, काउंटरवर जाणारा वेळ, मोबाइल ॲप यांबाबत तफावत सर्वाधिक आहे, म्हणजे ग्राहक नाराज आहेत. तरीही खाते दुसरीकडे हलवण्याचा त्यांचा विचार दिसत नाही. प्रबंधात याविषयी एक परिच्छेद आहे.

मला विचारायचे आहे ते असे. संपादक ज्याला ‘योगदान’ म्हणतात ते नेमके कशाला? मोठ्या नियतकालिकांत लिहिणारे लोक गृहीतके, म्हणजे तपासून पाहायची विधाने, आधी ठरवतात की माहिती हाती आल्यावर? निबंधाचा कोणता भाग ते आधी लिहितात? आणि आमच्यासारख्यांनी, जिथे आठवड्याला सोळा तास शिकवणे आणि वर नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रे असतात, तिथे या वाटेला जावे की नाही?

प्रतिसाद: दूरदेशी

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात विपणन शिकवतो आणि काही नियतकालिकांसाठी परीक्षणही करतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लिहीत आहे.

आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे: नाराज ग्राहक खाते हलवत नाही. माझ्या मते निबंध तिथेच आहे. पाच परिमाणांची तफावत ही त्या निबंधाची फार तर एक तक्ता भरेल एवढी सामग्री आहे.

ज्या मोजपट्टीवर आपला प्रबंध उभा आहे तिचाच इतिहास पाहिला, तर ‘योगदान’ या गोष्टीचा बराच उलगडा होतो. ए. परसुरामन, व्हॅलरी झाइथमल आणि लिओनार्ड बेरी यांचा १९८५ सालचा जर्नल ऑफ मार्केटिंगमधील निबंध मुळातून काढून वाचा. (परसुरामन हे आयआयटी मद्रास आणि आयआयएम अहमदाबादचे विद्यार्थी, आपल्याकडे त्यांची प्रश्नावली सर्वांना पाठ असते, मूळ निबंध मात्र फारसा कोणी उघडत नाही.) त्या निबंधात एकही गृहीतक संख्याशास्त्राने तपासलेले नाही. बँक, क्रेडिट कार्ड, रोखे दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती या चार सेवांतील अधिकाऱ्यांच्या मुलाखती आणि प्रत्येक सेवेसाठी तीन याप्रमाणे ग्राहकांच्या १२ गटचर्चा, एवढीच त्यांची सामग्री होती. तीवरून त्यांनी एक मांडणी केली: सेवेची गुणवत्ता म्हणजे ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतील अंतर, आणि ते अंतर कंपनीच्या आत निर्माण होणाऱ्या इतर चार अंतरांतून येते. प्रश्नावली नंतर आली. १९८८ साली जर्नल ऑफ रिटेलिंगमध्ये त्यांनी ९७ विधानांपासून सुरुवात करून ती २२ पर्यंत आणली आणि आधीचे दहा निकष पाच परिमाणांत बसवले. मग १९९२ साली क्रोनिन आणि टेलर यांनी जर्नल ऑफ मार्केटिंगमध्येच बँक, कीटकनियंत्रण, ड्रायक्लीनिंग आणि फास्टफूड अशा सेवांतील ग्राहकांना विचारून असा दावा केला की अपेक्षा मोजण्याची गरजच नाही, नुसता अनुभव मोजला तरी काम भागते, नव्हे, अधिक चांगले भागते.

तिन्ही निबंधांत वाचकाचे आधीचे एखादे मत बदलते. पहिल्याआधी लोक कारखान्यातल्या मालाच्या गुणवत्तेची व्याख्या सेवेला लावत होते, दुसऱ्याआधी सेवेची गुणवत्ता एका साधनाने निरनिराळ्या उद्योगांत मोजता येईल याची खात्री नव्हती, आणि तिसऱ्याने पहिल्या दोघांच्या पायावरच बोट ठेवले. संपादक ‘योगदान कोणते’ असे विचारतात तेव्हा त्यांना हेच हवे असते: हा निबंध वाचण्यापूर्वी या विषयातील जाणकार माणूस काय मानत होता, आणि वाचल्यावर त्याला काय वेगळे मानावे लागेल. ‘सांगली जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही’ हे विधान खरे असले, तरी त्याने कोणाचेच मत बदलत नाही.

आता आपल्या कोड्याकडे. मूळ संशोधनातील ग्राहक हा फक्त ग्राहक होता. सेवा आवडली नाही तर तो निघून जाईल, हे त्या मांडणीत गृहीत आहे. नागरी सहकारी बँकेचा ग्राहक पुष्कळदा सभासदही असतो, भागधारक असतो, वार्षिक सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो, संचालकाला घरी जाऊन भेटू शकतो. मालकीमुळे नाराजी आणि निघून जाणे यांतील दुवा तुटतो का? असा प्रश्न विचारला की आपली तीन बँकांची निवड ही सोय न राहता गरज ठरते, कारण तो प्रश्न एखाद्या खासगी बँकेच्या शाखेत तपासताच येणार नाही.

लिहिण्याच्या क्रमाविषयी. विपणनात वेगवेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचे लेखन एकमेकांसारखे नसते. १९७४ साली सुरू झालेल्या जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये एका निबंधात चार-पाच प्रयोग ओळीने येतात: पहिला परिणाम दाखवतो, पुढचा त्या परिणामाचे कारण शोधतो, त्यापुढचा ते कारण काढून घेतले की परिणाम नाहीसा होतो हे दाखवतो. त्याच नियतकालिकात रसेल बेल्क यांच्यासारख्यांचे, आपल्या वस्तू आपल्या ‘स्व’चा भाग कशा बनतात यावरचे वैचारिक लेखनही आहे. १९८२ पासून निघणाऱ्या मार्केटिंग सायन्समध्ये गणिती प्रतिमाने (मॉडेल) असतात. दुकानातील स्कॅनरच्या नोंदींवरून कोणते घर कोणत्या ब्रँडची कॉफी उचलेल याचे ग्वादाग्नी आणि लिटल यांचे १९८३ सालचे प्रतिमान आजही शिकवले जाते. आपले काम व्यवस्थापन आणि सेवा या शाखेचे आहे, तेव्हा नमुना म्हणून त्याच शाखेतील निबंध वाचा. प्रयोगांच्या निबंधाची घडण उसनी घेऊ नका.

मी आणि माझे सहलेखक आधी तक्ते आणि आकृत्या तयार करतो, मग निष्कर्ष, मग पद्धती. प्रस्तावना पहिल्या दिवसापासून लिहिली जाते आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा मोडली जाते. एकूण वेळातील निम्मा वेळ त्या पहिल्या चार-पाच पानांवर जातो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण परीक्षकाचे मत बहुतेक वेळा तिथेच बनते आणि पुढची तीस पाने तो त्या मताला पुरावा शोधत वाचतो. हे न्याय्य आहे असे माझे म्हणणे नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. छापून आलेल्या निबंधाच्या पहिल्या पानावरील तळटीप वाचा. तिथे आभारांची लांबलचक यादी असते: अमुक विद्यापीठातील चर्चासत्राचे श्रोते, तमुक परिषदेतील टीकाकार. म्हणजे नियतकालिकाकडे जाण्यापूर्वीच तो निबंध कित्येक खडूस वाचकांच्या हाताखालून गेलेला असतो. एकट्याने लिहून थेट पाठवणाऱ्या माणसाचे पहिले टीकाकार संपादकच ठरतात, आणि संपादकाकडे दुसरी संधी सहसा नसते. आपल्याकडे ही सोय मुद्दाम उभी करावी लागेल. चेन्नईला होणाऱ्या विपणनाच्या नास्मेईसारख्या परिषदेत जाऊन प्रमाणपत्रापेक्षा टीका घेऊन यावी.

प्रतिसाद: लालपेन

मी पुण्यात राहून व्यवस्थापनविषयक हस्तलिखितांचे भाषासंपादन करते, म्हणून केवळ वाक्यांविषयी लिहिते.

दूरदेशी यांनी सांगितलेल्या प्रस्तावनेत आपल्याकडचे लेखक पहिले वाक्य बहुधा असे लिहितात: ‘जागतिकीकरणाच्या युगात बँकिंग क्षेत्रात आमूलाग्र बदल झाले आहेत.’ हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही देशातील, कोणत्याही निबंधाला चालते, आणि म्हणूनच संपादक तिथे थांबत नाही. त्यानंतर येते ते असे: ‘सेवा-गुणवत्तेच्या मूर्त घटकांविषयीच्या ग्राहकधारणेतील नकारात्मक तफावतीचा वर्तनात्मक निष्ठेवर सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय प्रभाव आढळून आलेला नाही.’ यात माणूस नाही, बँक नाही, आणि क्रियापदाचा कर्ता कोण हेही ठाऊक नाही. आपण इथे प्रश्नात तीच गोष्ट किती सरळ लिहिली आहे पाहा: ग्राहक नाराज आहेत, तरी खाते हलवत नाहीत. निबंधाचा पहिला परिच्छेद याच सुरात असायला हरकत नाही. ‘शाखेतला पंखा बंद असतो, पासबुक भरायला अर्धा तास लागतो, आणि तरीही ठेवीदार मुदत संपलेली ठेव त्याच काउंटरवर पुन्हा गुंतवतो. का?’ पारिभाषिक शब्द नंतर, एकदा व्याख्या करून, आणि मग सर्वत्र तोच. सेवा-गुणवत्ता, सेवेचा दर्जा, सेवास्तर हे तीन शब्द आलटून पालटून वापरले की शैली सुधारत नाही. तीन वेगळ्या संकल्पना आहेत असे परीक्षकाला वाटते.

हा केवळ माझ्या आवडीनिवडीचा भाग नाही. जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये २०२१ साली याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विपणनातील आघाडीच्या नियतकालिकांतील १,६४० निबंधांचा मजकूर तपासून आणि दोन प्रयोग करून त्या लेखकांनी दाखवले की संशोधकाला आपला विषय जितका अधिक परिचयाचा, तितके त्याचे लेखन अधिक अमूर्त, अधिक पारिभाषिक आणि अधिक कर्मणी होत जाते, कारण वाचकाला आपल्याइतके माहीत नाही याचा त्याला विसर पडतो. आणि असे दुर्बोध निबंध पुढच्या संशोधनात कमी उद्धृत होतात. प्रबंध लिहून झालेल्या माणसाला हा धोका सर्वांत जास्त असतो, कारण तो त्या विषयात कित्येक वर्षे बुडालेला असतो.

एक व्यावहारिक सूचना: निबंधाचा सारांश वाणिज्याबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला, म्हणजे मराठीच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकांना, वाचायला द्या आणि कागद परत घेऊन त्यांना तोंडी सांगायला लावा. त्यांनी जे सांगितले तेवढेच आपण लिहिले आहे असे समजा.

प्रतिसाद: नमुना३८४

माझे टोपणनाव पाहून मॅडमच्या लक्षात आलेच असेल. महाराष्ट्रातील विपणनाच्या प्रबंधांत नमुन्याचा आकार ३८४ का असतो, याचे उत्तर क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० सालच्या तक्त्यात आहे. दहा लाखांच्या समष्टीपुढे (ज्या लोकसमूहातून नमुना घ्यायचा त्याच्या एकूण संख्येपुढे) त्यांनी तो आकडा दिला आहे. पण तो तक्ता यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यासाठी आहे, आणि शाखेत जो भेटला त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला तर ३८४ असोत की ३,८४०, त्या आकड्याला तो अर्थ उरत नाही. परदेशी परीक्षक हा आकडा पाहिला की ओळखतात. मी मुंबईत बाजार-संशोधनाच्या व्यवसायात आहे, तिथे आम्हाला काम देणारा पैसे मोजून हेच प्रश्न विचारतो.

दूरदेशी यांची मालकीची कल्पना चांगली आहे, पण ती जशीच्या तशी नेली तर पहिलाच परीक्षक लिहील: अमेरिकेत क्रेडिट युनियन आहेत, तिथेही सभासद हेच मालक, मग यात नवे काय? याचे उत्तर आधीच हाताशी हवे. मला वाटते उत्तर आहे, आणि ते आपल्या बँकांच्या एका वैगुण्यात दडलेले आहे. नागरी सहकारी बँकेत कर्ज घेणाऱ्याला कर्जाच्या प्रमाणात भाग (शेअर) घ्यावे लागत (२०२२ पासून पुरेसे भांडवल असलेल्या बँकांना ही अट ऐच्छिक आहे), त्यामुळे तो सभासद होतो आणि मतदान करतो. नुसती ठेव ठेवणाऱ्यावर तशी सक्ती नसते. म्हणजे ज्यांच्या पैशावर बँक चालते त्यांतील पुष्कळांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे ते मुख्यत्वे कर्जदार. एकाच शाखेत, एकाच काउंटरवर, एकाच बंद पंख्याखाली मालक-ग्राहक आणि निव्वळ ग्राहक शेजारी शेजारी उभे असतात. सेवा सारखी, मालकी वेगळी. अशी तुलना इतरत्र सहजासहजी मिळत नाही.

परंतु त्यातही खोच आहे. कर्जदार बँक सोडत नाही, ते मालकीच्या भावनेमुळे की घर गहाण आहे म्हणून? हे दोन वेगळे करता आले नाहीत तर निबंध तिथेच संपला. कर्ज फेडून झालेले पण भाग परत न केलेले सभासद शोधा. तो गट लहान असेल, पण खरा प्रकाश तोच पाडेल.

दुसरा आक्षेप असा की एकाच माणसाने एकाच बैठकीत, एकाच फॉर्मवर, सेवेविषयीही सांगितले आणि निष्ठेविषयीही. मग दोन उत्तरांतील संबंध काही अंशी त्या माणसाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा असतो. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या लेखापासून हा प्रश्न प्रत्येक परीक्षक विचारतो, आणि त्यावरचा ठरावीक उपाय म्हणून हार्मनची एक-घटक चाचणी पुढे केल्याने हल्ली कोणाचे समाधान होत नाही. ‘खाते हलवण्याचा विचार आहे का’ यापेक्षा ठेवीचे नूतनीकरण झाले की नाही, ही बँकेच्या दप्तरातील नोंद शंभर पटींनी भारी. ती बँक नावांशिवाय, सांकेतिक क्रमांकांसह देऊ शकते.

आणि जाता जाता एक खोडसाळ प्रश्न. हे सगळे करून निबंध छापून आला, तर तो सांगलीतील एकाही बँकेचा व्यवस्थापक वाचणार आहे का?

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नमुना३८४ यांनी सांगितलेला फरक माझ्या माहितीत आहे. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ‘सभासद / नाममात्र सभासद (मताचा हक्क नसलेला) / केवळ ठेवीदार’ असा रकाना होता आणि तो जवळजवळ सर्वांनी भरला आहे. काल रात्री मी तेवढीच विभागणी करून पाहिली. फरक दिसतो आहे, आणि अपेक्षित दिशेने दिसतो आहे.

मग मी आता ‘सभासदत्वामुळे नाराजीचा निष्ठेवरील परिणाम कमी होतो’ असे गृहीतक निबंधाच्या सुरुवातीला मांडून याच माहितीवर ते सिद्ध झाले असे लिहावे का? प्रबंधात तसे गृहीतक नव्हते. पण छापील निबंधांत तर सर्वांचीच गृहीतके सिद्ध झालेली दिसतात.

व्यवस्थापक निबंध वाचणार नाहीत हे मान्य आहे. परंतु त्यांतील काही जण माझे माजी विद्यार्थी आहेत, त्यांना मी फोन करून सांगू शकते.

प्रतिसाद: दूरदेशी

तसे लिहू नये, आणि त्याचे कारण केवळ नैतिक नाही.

छापील निबंधांत सर्वांची गृहीतके सिद्ध झालेली दिसतात, कारण दीर्घकाळ या क्षेत्राने तशीच लिहिण्याची सवय लावून घेतली होती. ती किती महागात पडते हे २०११ साली सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन यांनी एका गमतीदार प्रात्यक्षिकाने दाखवले: कोणती चले (मोजायच्या बाबी) मोजायची, कोणती गाळायची, माहिती गोळा करणे कधी थांबवायचे, एवढे स्वातंत्र्य संशोधकाने घेतले, तर एक विशिष्ट गाणे ऐकल्याने माणसाचे वयच कमी होते असेही ‘सिद्ध’ करता येते. आणि कॉर्नेल विद्यापीठातील ग्राहकवर्तनाचे प्रसिद्ध प्राध्यापक ब्रायन वॉनसिंक यांचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. २०१६ साली त्यांनी स्वतःच कौतुकाने लिहिले होते की फसलेल्या एका अभ्यासाची माहिती त्यांनी एका नव्या संशोधिकेच्या हाती दिली आणि तीतून काही तरी निघेल, शोधत राहा, असे सांगितले. त्यातून निबंध निघाले, वाचकांनी आकडे तपासले, २०१८ साली विद्यापीठाने त्यांना संशोधनातील गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले आणि त्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून विपणनातील परीक्षकांचे नाक फार तीक्ष्ण झाले आहे. सगळी गृहीतके नीट सिद्ध झालेला एकच सर्वेक्षणाचा निबंध पाहिला की आता विश्वास वाटण्याऐवजी संशयच येतो.

सुदैवाने प्रामाणिक मार्गच आपल्याला अधिक फायद्याचा आहे. हाती असलेली माहिती पहिला अभ्यास म्हणून ठेवा आणि स्पष्ट लिहा की हा फरक आम्हाला नंतर आढळला, आम्ही तो शोधायला निघालो नव्हतो. मग दोन्ही गटांतील लोकांच्या सविस्तर मुलाखती घ्या. कोहली आणि जॉवर्स्की यांचा बाजाराभिमुखतेवरील १९९० सालचा निबंध ६२ मुलाखतींवर उभा आहे, आणि तो आजही उद्धृत होतो, तेव्हा मुलाखतींना दुय्यम मानण्याचे कारण नाही. सभासद खाते का हलवत नाही, हे त्याच्याच तोंडून ऐका. कदाचित उत्तर मालकीचे निघणार नाही, ओळखीचे निघेल किंवा लाजेचे निघेल. त्यानंतर दुसरा अभ्यास, नव्या नमुन्यावर, आणि त्याचे गृहीतक व विश्लेषणाची पद्धत माहिती गोळा करण्यापूर्वी ॲजप्रेडिक्टेडसारख्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवून. ही नोंद फुकट होते आणि तिला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.

ठेवींची नोंद मिळणार असेल तर एक काळ आवर्जून मागा. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या बातमीनंतर इतर सहकारी बँकांतील मुदत संपलेल्या ठेवी कोणी नूतनीकरण केल्या आणि कोणी काढून नेल्या? सभासदांनी आणि केवळ ठेवीदारांनी वेगवेगळे वर्तन केले असेल, तर तो पुरावा कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा बोलका आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली आणि मार्चअखेर टाळेबंदी आली, तेव्हा तुलनेचा स्वच्छ काळ जेमतेम चार महिन्यांचा आहे. मर्यादा आहे, पण ती आपण स्वतः लिहिली की परीक्षकाच्या हातातून काढून घेतली जाते.

परीक्षकांकडून ‘सुधारून पुन्हा पाठवा’ असे पत्र आले तर, आणि ते पत्र कितीही कठोर असले तरी, ती आनंदाची बातमी समजा. त्यांचा प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपण काय केले आणि ते कोणत्या पानावर आहे, असे उत्तरपत्र लिहायचे असते. ते कित्येकदा निबंधाएवढे लांब होते. आक्षेप पटला नाही तर तसे सांगता येते, मात्र युक्तिवादाऐवजी नवे विश्लेषण पुढे ठेवून. पहिल्यांदा पाठवल्यापासून छापून येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात, हे मात्र नोकरीतील बढतीचा हिशेब करताना ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद: निवृत्तप्राचार्य

वरील मंडळींनी विद्येचे सांगितले, मी व्यवहाराचे सांगतो.

एके काळी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत कोणतेही नियतकालिक सापडत असे. मे २०१८ मध्ये आयोगाने त्यातून ४,३०५ नावे एकदम काढली. पुढे मान्य नियतकालिकांची ‘केअर’ ही नवी यादी आली आणि तिचे बरेचसे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातूनच चालत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचे निकष देऊन निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि अध्यापकांवर टाकली. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारे पुन्हा जोर धरणार. नामांकित नियतकालिकाच्या नावाचे हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून शुल्क उकळणारेही आहेत, म्हणून ईमेलमधील दुव्यावरून कधीही निबंध पाठवू नये. प्रकाशकाच्या मुख्य संकेतस्थळावरून शिरावे. विपणनातील प्रमुख नियतकालिके नेहमीच्या पद्धतीने छापण्यासाठी लेखकाकडून पैसे घेत नाहीत. निबंध सर्वांना मोफत वाचता यावा असा पर्याय आपण निवडला तरच शुल्क लागते, आणि तो निवडण्याची सक्ती नसते.

प्रबंधातील मजकूर निबंधात वापरताना आणखी एक काळजी घ्यावी. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढलेला असल्यामुळे साम्य तपासणाऱ्या यंत्रणेत आपलेच लेखन आपल्याविरुद्ध उभे राहते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. हा निबंध प्रबंधावर आधारित आहे असे संपादकांना सोबतच्या पत्रात सांगावे आणि मजकूर नव्याने लिहावा. दूरदेशी सांगतात तसा दुसरा अभ्यास केलात तर ते आपोआपच होईल.

या वाटेला जावे की नाही, असे आपण विचारले होते. बढतीसाठी गुण हवे असतील तर पहिल्या अभ्यासावर एक साधा निबंध ‘विकल्प’सारख्या भारतीय नियतकालिकाच्या तोडीचा करून पाठवावा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास त्या रकान्यातील फरक तिथेच छापला जाईल आणि मोठ्या निबंधासाठी नवे काही उरणार नाही. तेव्हा आधी त्या माजी विद्यार्थ्यांना फोन करा आणि २०१९ च्या ठेवींची नोंद मिळते का ते पाहा. ती मिळाली तर छोटा निबंध लिहू नका.